लाक्षागृहाचा विसरलेला धडा

महाभारतातील लाक्षागृहाची कथा आपल्याकडे लहानपणीच कानांवर पडते. वारणावतात पांडवांसाठी लाखेचे घर उभारण्यात आले, ते पेटवून देण्याची कामगिरी पुरोचनावर सोपविण्यात आली, आणि तरीही पाचही पांडव कुंतीसह सुखरूप बाहेर पडले. ही कथा सांगताना आपण दुर्योधनाच्या कपटाचा धिक्कार करतो, विदुराच्या चातुर्याची वाखाणणी करतो आणि तेथेच थांबतो. परंतु त्या सुटकेचे मर्म विदुराने धाडलेल्या एका अनाम खनकात आहे. आग लागण्याच्या कितीतरी आधी त्याने घराखालून भुयार खणून ठेवले होते. इतकेच नव्हे, तर पांडव शिकारीच्या निमित्ताने रोज रानात हिंडत आणि आसपासच्या वाटा पायांखाली घालून ठेवीत. प्रत्यक्ष आगीच्या रात्री त्यांना नवीन असे काहीच करावयाचे नव्हते. जे आधी ठरले होते, तेच अंधारात करावयाचे होते.

आजच्या भाषेत यालाच तालीम म्हणतात. शाळांतून, कारखान्यांतून, मोठ्या कचेऱ्यांतून अशी तालीम अधूनमधून होते. निदान कागदावर तरी होते. परंतु आपली सर्वांत लहान, सर्वांत असहाय मुले ज्या घरांतून दिवसाचे आठ-दहा तास काढतात, त्या घरगुती पाळणाघरांत अशी तालीम होताना आम्ही कधी पाहिली नव्हती आणि, खरे सांगावयाचे तर, तिचा कधी विचारही केला नव्हता. तो विचार करावयास लागले ते हैदराबादेत, हिमायतनगरात.

हिमायतनगर म्हणजे नांदेड जिल्ह्यातले तालुक्याचे गाव नव्हे. नारायणगुडा आणि लिबर्टी यांच्या आसपास पसरलेली हैदराबाद शहरातली जुनी वस्ती. तिरुपती देवस्थानाच्या बालाजी मंदिरामुळे ती परगावच्या माणसालाही चटकन सापडते. एके काळी तेथे ऐसपैस बंगले होते. आता बहुतेक ठिकाणी चार-पाच मजली इमारती उभ्या आहेत. खाली दुकाने, वर बिऱ्हाडे. मराठवाड्याचे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने या शहरात मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. अलीकडे त्यांत संगणकाच्या धंद्यात नोकरीस गेलेल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या तरुण दांपत्यांची भर पडली आहे. दोघेही कामावर जातात, आजी-आजोबा गावी असतात, आणि मूल कोणातरी ‘मावशी’कडे ठेवले जाते.

अशाच एका आप्ताच्या घरी आमचा काही दिवस मुक्काम होता. सायंकाळी नातवंडाला आणावयास आम्ही त्याच्याबरोबर गेलो. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. नऊ मुले, सर्वांत धाकटे आठ महिन्यांचे, थोरले साडेचार वर्षांचे. मावशी मूळच्या परभणीकडच्या, मदतीला एक मुलगी. घर स्वच्छ, मुले हसरी, भिंतीवर मुळाक्षरांचे तक्ते, देवघरात निरांजन. नाव ठेवावयास जागा नव्हती. निघताना आम्ही सहज विचारले, ‘‘मावशी, इथे कधी आग लागली, तर ही सगळी मुले खाली कशी न्याल?’’

त्या हसल्या. ‘‘भाऊ, देवाच्या दयेनं आजवर काही झालं नाही. तशी वेळ कशाला येईल?’’ मग क्षणभर थांबून म्हणाल्या, ‘‘खरं सांगू? हे कधी मनातच आलं नाही.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच निरोप धाडला, की एकदा करून पाहू. आम्ही हातात घड्याळ धरून दाराशी उभे राहिलो. त्यांनी टाळ्या वाजविल्या आणि ‘‘चला, सगळे खाली’’ म्हणून हाक दिली. दोघे चपला शोधू लागले. एकीला आपली बाहुली हवी होती. एक तीन वर्षांचा मुलगा गलबला ऐकून घाबरला आणि पलंगाखाली जाऊन बसला. बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराला चोराच्या भयाने आतून कुलूप होते, आणि त्याची किल्ली मुलांचा हात पोचू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या उंच खिळ्याला टांगलेली होती. मदतनीस मुलगी दोन तान्ह्यांपैकी कोणाला उचलावे या विचारात उभीच राहिली. जिन्यात शेजाऱ्यांची चपलांची मांडणी, एक मोडकी सायकल आणि दोन रिकामे सिलिंडर. तळाशी, नेमके जिन्याखाली, साऱ्या इमारतीचे विजेचे मीटर, आणि त्यांना खेटून उभ्या केलेल्या स्कूटरी. शेवटचे मूल रस्त्यावर आले तेव्हा सहा मिनिटे उलटून गेली होती. दिवसाचा उजेड होता, धूर नव्हता, कोणी झोपलेले नव्हते. मावशी पायरीवर बसल्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

सहा मिनिटे ही गोष्ट मोठी वाटत नाही. पण आग आपल्या घड्याळाने चालत नाही. आपल्या आजोळच्या घरांत लाकूड होते, कापूस होता. आजच्या घरांत फोमच्या गाद्या आहेत, प्लॅस्टिकची खेळणी आहेत, कृत्रिम धाग्यांचे पडदे आहेत. या वस्तू वेगाने पेटतात, आणि त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू असतात. घराला लागलेल्या आगीत माणूस बहुधा ज्वाळेने मरत नाही, धुराने मरतो. आणि लहान मुलाचा श्वास मोठ्या माणसाहून जलद चालत असल्याने त्याच्या अंगात हे विष लवकर भिनते. एखादी खोली पेटून धुराने भरावयास तीन-चार मिनिटे पुरतात. म्हणजे त्या दिवशी ती आग खरी असती, तर आमच्या घड्याळात सहा मिनिटे भरण्यापूर्वीच प्रश्न निकालात निघाला असता.

हे भय घालण्यासाठी लिहिलेले नाही. हिमायतनगरापासून पाच-सहा किलोमीटरवर, चारमिनारजवळच्या गुलजार हौज भागात, १८ मे २०२५ च्या सकाळी काय झाले ते आठवा. खाली मोत्यांचे दुकान आणि वर घर असलेली ती जुनी इमारत. सुट्टीमुळे एकाच कुटुंबाचा गोतावळा जमलेला. आत-बाहेर जाण्यास भुयारासारखी एकच अरुंद वाट आणि जेमतेम मीटरभर रुंदीचा जिना. पहाटेनंतर आग लागली आणि १७ माणसे गेली. त्यांत आठ मुले होती. त्याआधी १३ नोव्हेंबर २०२३ रोजी त्याच शहरात नामपल्लीच्या बाजारघाट भागात बिऱ्हाडांच्या इमारतीखाली साठविलेली रसायने पेटली आणि नऊजणांचा बळी गेला. दोन्ही ठिकाणचा धडा एकच आहे: आग खाली, माणसे वर, आणि मधली एकमेव वाट धुराच्या ताब्यात. आपण पाहिलेला तो मीटर आणि स्कूटरींचा जिना या दृष्टीने पुन्हा एकदा डोळ्यांपुढे आणावा.

आणि हैदराबाद दूर आहे असे मानून गोमंतकीय वाचकाने निश्चिंत राहण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबात २५ जीव गेले. त्यांतले बहुतेक तेथेच राबणारे कामगार होते. त्यानंतर काय झाले ते आपण पाहिले. क्लबांची तपासणी झाली, परवान्यांची चौकशी झाली, काही ठिकाणी टाळी लागली. ते आवश्यकच होते. पण आपल्या कारभाराची एक जुनी खोड त्यातही दिसून आली. नाटकगृह जळले की नाटकगृहे तपासावयाची, इस्पितळ जळले की इस्पितळे तपासावयाची, क्लब जळला की क्लब तपासावयाचे. आगीच्या मागून धावण्याची ही रीत आहे. तिच्या पुढे जाऊन उभे राहण्याची नव्हे. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही.

मुलांच्या बाबतीत तर या देशाने फार मोठी किंमत मोजून झाली आहे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवाली येथे शाळेच्या समारंभात मांडव पेटला आणि चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघराच्या झापांनी पेट घेतला आणि ९४ मुले जळाली. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री आपल्या भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या विवेक विहारात आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा तोच प्रसंग घडला. कुंभकोणमनंतर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी अविनाश मेहरोत्रा खटल्याच्या निर्णयात सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला, आणि शाळांतून अग्निशामक साधने ठेवावीत, ती वापरण्याचे शिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, असे आदेश दिले.

शाळांसाठी एवढे तरी झाले. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक नोकरदार असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराच्या सोयीचे बंधन आले, आणि पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम राहिली. सरकारी पाळणाघरांची योजना २०२२ पासून ‘पाळणा’ या नावाने चालते. पण परभणीहून हैदराबादेत आलेल्या एखाद्या मावशीने आपल्या राहत्या दिवाणखान्यात नऊ मुले सांभाळली, तर ती जागा ना शाळा, ना कारखाना, ना अंगणवाडी. सरकारी वहीत ते एक साधे बिऱ्हाड असते. तेथे कोणी निरीक्षक येत नाही, कोणी साधने मागत नाही, कोणी तालमीची तारीख विचारीत नाही. फोंडा, मडगाव, म्हापसा, वास्को येथील सदनिकांमधून याहून वेगळे चित्र असेल असे आम्हांस वाटत नाही.

याचा अर्थ या मावश्यांवर उद्यापासून परवान्यांचा बडगा उगारावा, असा मुळीच नाही. तसे झाले तर पहिली आपत्ती कोसळेल ती त्या बाईंच्या चुलीवर, आणि दुसरी त्या आईच्या नोकरीवर. जी पाळणाघरे उघड चालतात, ती दारे लावून चालू लागतील. एवढेच निष्पन्न होईल. घरगुती पाळणाघर ही मध्यमवर्गाच्या आणि कष्टकरी वर्गाच्या संसाराला लाभलेली मोठी सोय आहे, आणि ती चालविणारी स्त्री बहुधा अल्प मोबदल्यात अपार माया देत असते. तिला गुन्हेगार ठरविणे हा कृतघ्नपणा होईल. प्रश्न तिच्या मायेचा नाही. मायेला वाट ठाऊक असावी लागते, हा आहे.

परदेशात कायदे आहेत म्हणून सर्व आलबेल आहे, असेही नव्हे. २४ फेब्रुवारी २०११ रोजी अमेरिकेत ह्यूस्टन येथे एका घरगुती पाळणाघराची चालक बाई चुलीवर तेल तापत ठेवून, मुलांना एकटे सोडून बाजारात गेली. आग लागली आणि चार मुले मरण पावली. ११ ऑगस्ट २०१९ च्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरी अशाच एका घरात पाच मुले गेली. त्या घरात धुराची सूचना देणारे यंत्र होते. पण ते एकच, आणि तेही माळ्यावर. ५ जून २००९ रोजी मेक्सिकोतल्या एर्मोसियो येथे शेजारच्या गुदामातली आग पाळणाघरात शिरली. मुले दुपारच्या झोपेत होती. बाहेर पडण्याच्या वाटा अपुऱ्या होत्या, तेव्हा भिंत फोडण्यासाठी तिच्यावर मोटार घालावी लागली. ४९ मुलांचा बळी गेला. कतारमध्ये दोहा येथे २८ मे २०१२ रोजी एका बाजारसंकुलातल्या बालगृहात १३ मुले आणि त्यांना सांभाळणाऱ्या चौघी गुदमरून गेल्या. वाचवावयास शिरलेले दोन अग्निशामक जवानही परतले नाहीत. आखातात आपली किती माणसे पोटापाण्यासाठी राहतात, हे गोव्याला आणि कोकणाला सांगावयास नको.

या दुर्घटनांतून जे देश शिकले, त्यांनी सर्वांत मोठा भर यंत्रांवर दिला नाही, सवयीवर दिला. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत परवानाधारक घरगुती पाळणाघरांना ठरावीक काळाने, काही ठिकाणी दरमहा, आगीची तालीम घ्यावी लागते. जपानात तर पाळणाघरांनी महिन्यातून किमान एकदा ही तालीम घ्यावी, असा नियमच आहे. तेथे मुलांना ‘ओकाशि’ हा शब्द शिकवितात. त्या भाषेत त्याचा अर्थ खाऊ. पण त्याच्या एकेका अक्षरातून एकेक आज्ञा निघते: ढकलायचे नाही, पळायचे नाही, बोलायचे नाही. खाऊच्या नावाने दिलेला हा धडा तीन वर्षांचे मूलही विसरत नाही.

येथे एक आक्षेप हमखास येतो. इतक्या कोवळ्या मुलांच्या मनात आगीचे भय कशाला भरावयाचे? आक्षेप प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम उभे केले, त्याचे सूत्र काय होते? लहान मूल उपदेशाने शिकत नाही, ते हाताने, पायाने, गाण्याने, खेळाने शिकते. हात धुणे, ओळीत बसणे, वस्तू जागेवर ठेवणे या गोष्टी त्यांनी मुलांना भीती दाखवून शिकविल्या नाहीत. मग जिन्याने ओळीत उतरणे तेवढे भीती दाखवून का शिकवावे? मुलाला आगीचे वर्णन सांगण्याची गरजच नाही. ‘‘घंटा वाजली की आपली आगगाडी सुटते, प्रत्येक डबा दोरीला धरतो आणि गाडी खालच्या स्टेशनावर जाऊन थांबते,’’ एवढे त्याला पुरे. धुरात खाली वाकून जावे लागते. तर आज आपण सगळी मांजरे आहोत आणि मांजराच्या पायांनी दारापर्यंत जायचे आहे, हा खेळ आहे. भय मोठ्यांनी बाळगावे, मुलांनी खेळावे.

उलट, तालीम न करणे हेच मुलाला भयाच्या स्वाधीन करणे आहे. संकटात लहान मूल पळत नाही, लपते. पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे ते जाऊन बसते. कारण त्याच्या लेखी दृष्टिआड झालेले संकट नाहीसे झालेले असते. जळालेल्या घरांत मुले अनेकदा अशाच जागी सापडतात. हिमायतनगरात पलंगाखाली शिरलेला तो मुलगा हेच करीत होता. ‘‘लपायचे नाही, मावशीच्या हाकेकडे यायचे’’ ही एकच गोष्ट त्याच्या अंगवळणी पडली, तर तीही एका जन्माची कमाई आहे.

तथापि आमच्या मते तालमीचा खरा विद्यार्थी मूल नव्हेच. तालीम मोठ्यांना शिकविते. किल्ली चुकीच्या खिळ्याला आहे, हे मावशींना कोणत्याही पुस्तकाने सांगितले नसते; त्या सहा मिनिटांनी सांगितले. तान्ह्या मुलांना कोणी उचलावयाचे हे ठरलेले नाही, जिना अडलेला आहे, खाली उतरल्यावर मुले मोजावयाची कोणी आणि कोठे हेही ठरलेले नाही, हे सारे तालीम केल्यावरच दिसते. म्हणून आम्ही म्हणतो, की पाळणाघरात दरमहा एकदा तालीम झाली पाहिजे. तिला पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

ती कशी करावी याबद्दल दोन शब्द. प्रथम मोठ्यांनी मुलांविना घर फिरून पाहावे: बाहेर पडण्याची वाट कोणती, ती बंद झाली तर रस्त्याकडची कोणती गॅलरी अगर खिडकी गाठून हाका घालावयाच्या, किल्ली कोठे असेल. चालू पाळणाघराच्या वेळात दाराला आतून कुलूप नसावे. कडी मोठ्या माणसाच्या हाताच्या उंचीवर असावी, म्हणजे मूल बाहेर जाणार नाही आणि दारही क्षणात उघडेल. मुलांच्या हजेरीचा कागद आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक दाराजवळच टांगलेले असावेत. तान्ह्या मुलांचे नाव-निशीवार वाटप आधी झालेले असावे: एक कडेवर, एक झोळीत. जितकी मुले आपल्या हातांनी खाली नेता येतील, तितकीच तान्ही मुले घ्यावीत. हे गणित कठोर आहे, पण त्याला पर्याय नाही. गाठ बांधलेली एक लांब दोरी असावी. गॅस बंद करावयास वा सामान घ्यावयास कोणी मागे फिरू नये. लिफ्ट असली तरी जिन्यानेच उतरावे. खाली ठरलेल्या एकाच जागी, इमारतीपासून दूर, मुले मोजावीत, आणि मगच, पण ताबडतोब, १०१ अगर ११२ क्रमांकावर कळवावे. दुसरा माणूस हाताशी असेल तर त्याने हे वाटेतच करावे.

आणि एक तालीम दुपारच्या झोपेच्या वेळी अवश्य व्हावी. झोपेतली लहान मुले कर्कश घंटेनेही जागी होतातच असे नाही, असे परदेशातल्या प्रयोगांतून दिसून आले आहे. एर्मोसियोची मुलेही झोपलेलीच होती. झोपेत उचललेले मूल रडेल, किरकिर करील. करू द्यावी.

आता पालकांकडे वळू. मूल पाळणाघरात घालताना आपण काय विचारतो? दूध कोणते देता, टीव्ही किती लावता, महिन्याचे किती घेता. यांत एका प्रश्नाची भर घालावी: गेल्या महिन्यात तालीम कोणत्या दिवशी झाली आणि किती वेळ लागला? हा प्रश्न अविश्वासाचा मानण्याचे कारण नाही. आणि प्रश्न विचारणाऱ्याने महिन्यातून एकदा अर्धा तास काढून स्वतः मदतीस उभे राहावे. सारा भार त्या एकट्या बाईवर टाकून नामानिराळे होणे शोभणारे नाही. धुराची सूचना देणारे एक यंत्र आणि एक अग्निशामक नळकांडे यांचा खर्च नऊ घरांनी वाटून घेतला, तर तो जड जाणार नाही.

इमारतीच्या सोसायट्यांची जबाबदारी याहून कमी नाही. जिना ही कोणाच्या चपलांची, सायकलींची वा सिलिंडरांची कोठी नव्हे. ती सर्वांची प्राणवाट आहे. मीटरच्या खोलीला खेटून वाहने उभी करणे, त्यातही रात्रभर तेथेच बॅटऱ्या भारीत ठेवणे, हा शुद्ध अविचार होय. ज्या इमारतीत पाळणाघर आहे, तेथे तर सोसायटीने ही शिस्त ठराव करून पाळावी.

राहता राहिले सरकार. गोव्याच्या नगरपालिकांना आणि पंचायतींना आमची सूचना अशी, की घरगुती पाळणाघरांची नोंद करावी. परवाना नव्हे, केवळ नोंद. एका पानाचा अर्ज, शुल्क काही नाही, दंड काही नाही. त्या बदल्यात अग्निशामक दलाच्या जवानांनी वर्षातून एकदा त्या घरी जावे, वाट पाहावी, दोष दाखवावेत आणि मुलांबरोबर एक तालीम करावी. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी झालेल्या स्फोटाच्या वेळी आगीशी झुंजताना ६६ अग्निशामक जवानांनी देह ठेवला. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. त्या सप्ताहात संचलने आणि भाषणे होतात, ती व्हावीतच. पण प्रत्येक केंद्रातल्या जवानांनी त्या सात दिवसांत आपल्या हद्दीतल्या पाच पाळणाघरांचे जिने चढले, तर त्या ६६ जणांचे स्मरण अधिक सार्थ होईल. गणवेशातला जवान घरी आला, हा मुलांच्या दृष्टीने तर सणच असेल. आणि धुरातून येणाऱ्या, मुखवटा घातलेल्या माणसाला पाहून लपावयाचे नाही, हेही ती त्याच दिवशी शिकतील.

अग्नी हा आपल्या संस्कृतीत शत्रू नाही. ऋग्वेदाचे पहिलेच सूक्त त्याचे आहे. लग्नात तो साक्षी असतो, देवघरात तो निरांजनातून तेवतो. ज्याला आपण इतके जवळ ठेवले, त्याच्याशी वागण्याचे नियमही जवळ ठेवावयास हवेत. आपण नियम विसरलो आणि भरवसा तेवढा देवावर टाकला. देवाने विदुराला बुद्धी दिली. पण भुयार काही देवाने खणले नाही.

हिमायतनगर सोडण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा त्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. किल्ली दाराजवळ आली होती. सायकल आणि सिलिंडर जिन्यातून गेले होते. चपलांच्या मांडणीवरून शेजाऱ्यांशी बोलणी चालू होती. जिन्याखालचे मीटर आणि स्कूटरी मात्र जागच्या जागी होत्या. तो प्रश्न मावशींच्या हातचा नव्हता. चौथी तालीम चालू होती. दोरीला धरून मुलांची गाडी खाली उतरली. पलंगाखाली शिरणारा तो मुलगा आता सर्वांत पुढे इंजिन झाला होता आणि तोंडाने शिटी वाजवीत होता. घड्याळ पाहिले, दोन मिनिटे आणि काही सेकंद झाले होते. मावशींनी मुले मोजली. नऊ. मग पुन्हा एकदा मोजली.